सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. ऑगस्ट 2022 मध्ये गावाने सभेत ठरवलं : संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, एकमेकांशी बोलायचं. करोनात शाळा फोनवर भरली. शाळा उघडली तरी फोन हातातून सुटला नाही, हे त्यामागचं कारण. सुरुवातीला पुरुष हसले. मालिका आणि मोबाइलमध्ये आपला किती वेळ जातो, हे बायकांनी मात्र मोकळेपणाने मान्य केलं. मग अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक दारोदार समजवायला गेले.

दीड तासाने काय होणार, असं कुणी विचारेल. मला त्या दीड तासापेक्षा भोंगा साऱ्या गावासाठी वाजतो, हे मोलाचं वाटतं.

सोशल मीडियाच्या सवयीबद्दल आपण नेहमी एकेकट्या माणसाला सुनावतो. मनावर ताबा ठेव, ॲप काढून टाक, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव. सल्ले खोटे नाहीत, पण सगळा भार ते ज्याची झोप उडाली आहे त्याच्याच डोक्यावर टाकतात. समोर कोण आहे ते पाहा. बोट सरकवत राहावं आणि मजकूर कधी संपूच नये, ही रचना अझा रास्किन यांनी 2006 मध्ये केली; पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. 2009 मध्ये फेसबुकवर लाइकचं बटण आलं. आपला फोटो किती जणांना आवडला हा आकडा चारचौघांत मांडला जाऊ लागला, आणि पंधरा वर्षांची मुलगी त्यात स्वतःची किंमत शोधू लागली. 2021 मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. त्यांतल्या एका पाहणीत, आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरींपैकी जवळपास एकतृतीयांश जणींनी फेसबुकच्याच इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाटू लागल्याचं सांगितलं होतं. कंपनीला हे ठाऊक होतं. अशा यंत्रणेपुढे एकट्या मुलीला संयम शिकवणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय एकटीने फोन ठेवला, तर वर्गातल्या गप्पांतून ती बाहेर पडते. अर्थतज्ज्ञ लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये अमेरिकेतल्या हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं : चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायला किती पैसे घ्याल? सरासरी उत्तर आलं 59 डॉलर. पण आपल्या विद्यापीठातले सगळेच बंद ठेवणार असतील तर? तेव्हा हीच मुलं सरासरी 28 डॉलर स्वतःच्या खिशातून द्यायला तयार होती. ज्याच्याविना आपल्याला करमत नाही, ते कुणाकडेच नसावं अशीही त्यांची इच्छा होती! वडगावने नेमकी हीच गाठ सोडवली. सातनंतर तिथे कुणी मागे पडत नाही, कारण पुढे कुणी गेलेलंच नसतं.

हाच फोन परगावी शिकणाऱ्या मुलाला आईचा चेहरा दाखवतो, हेही खरं. म्हणून मी कायमच्या बंदीच्या बाजूने नाही. ज्यांची झोप, जेवण, कामातलं लक्ष हरवलं आहे, त्यांना गावाच्या ठरावापलीकडची मदत लागेल. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक त्यासाठी आहे. बाकी आपण सगळ्यांनी घरात, वसतिगृहात, सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडावा आणि दिवसातली एक वेळ मिळून ठरवावी. पहिले काही दिवस लोक हसतील. वडगावातही हसले होते.