शपथेने बांधलेले हात

नेदरलंड्समध्ये लिंगे नदीच्या काठी आस्पेरेन नावाचं एक छोटं तटबंदीचं गाव आहे. १५६९ साली, हिवाळा अजून सरला नव्हता तेव्हा, या गावच्या कैदेतून एक माणूस पळाला. त्याचं नाव डिर्क विलेम्स. फडक्यांना गाठी मारून त्यानं दोर केला आणि खिडकीतून खाली उतरला, असं सांगतात. उतरताच त्यानं धूम ठोकली. एका शिपायानं त्याला पाहिलं आणि तो त्याच्या मागे लागला.

वाटेत गोठलेलं तळं होतं. वरचा बर्फ पातळ, कुठे फुटेल याचा नेम नाही. डिर्क जीव मुठीत धरून त्यावरून धावला आणि कसाबसा पलीकडे पोचला. मागून येणाऱ्या शिपायाच्या पायाखाली मात्र बर्फ फुटला आणि तो पाण्यात गेला.

अशा पाण्यात माणूस फार वेळ तग धरत नाही. बोटं आखडतात, काठ धरावा तर बर्फाचा तुकडा मोडून हातात येतो, भिजलेले कपडे खाली ओढत राहतात. शिपाई मदतीसाठी ओरडू लागला.

डिर्क सुटला होता. तो तसाच पुढे गेला असता तर त्याला कोणी नावं ठेवली नसती. पण तो मागे वळला. ज्या बर्फानं नुकताच एका माणसाला दगा दिला होता त्याच बर्फावर पुन्हा पाऊल टाकत तो त्या भगदाडापाशी गेला, खाली वाकला, दोन्ही हात पुढे केले आणि आपल्याला पकडायला आलेल्या माणसाला त्यानं बाहेर ओढून काढलं.

आपला जीव कोणामुळे वाचला हे त्या शिपायाला कोणी सांगायची गरज नव्हती. डिर्कला सोडून द्यावं असं त्याच्या मनात होतं. पण नगराध्यक्ष तिथं येऊन ठेपला होता. त्यानं दुरूनच कडक आवाजात शिपायाला त्यानं घेतलेल्या शपथेची आठवण करून दिली. शपथ चाकरीची होती आणि चाकरी गुन्हेगार धरण्याची. घटकेपूर्वी ज्या हातांना धरून तो वर आला होता, तेच हात शिपायानं पकडले. डिर्क पुन्हा कैदेत गेला.

डिर्कचा गुन्हा काय होता? त्यानं चोरी केली नव्हती, कोणावर हात उगारला नव्हता. तो ॲनाबाप्टिस्ट होता. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, माणसानं कळत्या वयात स्वतःच्या निश्चयानं तो घ्यावा, असं या पंथाचे लोक मानत. डिर्कनं तरुणपणी रॉटरडॅममध्ये एका घरी असा दुसरा बाप्तिस्मा घेतला. पुढे आस्पेरेनमधल्या आपल्या घरात तो समविचारी लोकांच्या गुप्त सभा भरवी आणि तिथं इतरांनाही बाप्तिस्मा घेऊ देई. एवढंच.

पण त्या काळच्या राज्यकर्त्यांना हे एवढंसं वाटत नव्हतं. गावात जन्मलेलं प्रत्येक मूल बाप्तिस्म्यानं चर्चचं होई, आणि चर्चचं झालं की गावाचं होई. मोठं झाल्यावर तोच माणूस शपथ घेऊन नागरिक बने आणि वेळ पडल्यास शस्त्र हाती घेई. हे लोक बालबाप्तिस्मा नाकारत, शस्त्र धरत नसत आणि शपथही घेत नसत. येशूनं शपथा वाहू नका असं शिकवलं आहे, यावर ते ठाम होते. त्यात १५३४-३५मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात याच पंथातल्या एका जहाल गटानं सत्ता हाती घेऊन अनाचार केला होता. त्यानंतर मेनो सिमन्स या फ्रीसलंडच्या माजी धर्मगुरूनं विखुरलेल्या अनुयायांना शांततेच्या मार्गावर आणलं. तलवार टाकून देणारे हे लोक पुढे मेनोनाइट म्हणून ओळखले गेले. तरी म्युन्स्टरची धास्ती गेली नाही. सम्राट पाचव्या चार्ल्सचे हुकूम कायम होते: पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्याला मृत्युदंड. १५६६मध्ये नेदरलंड्सभर प्रॉटेस्टंट जमावांनी कॅथलिक चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, तेव्हा चार्ल्सचा मुलगा, स्पेनचा कॅथलिक राजा आणि नेदरलंड्सचाही शासक दुसरा फिलिप यानं आल्वाच्या ड्यूकला सैन्य देऊन पाठवलं. ड्यूकच्या खास न्यायमंडळानं हजाराहून अधिक माणसांना देहदंड दिला. लोक त्याला रक्ताचं न्यायमंडळ म्हणत. आस्पेरेनचे न्यायाधीश, नगराध्यक्ष आणि तो शिपाई, सगळे या सावलीखाली जगत होते.

१६ मे १५६९ रोजी डिर्कचा निकाल लागला. त्या निकालाचा मजकूर आजही वाचता येतो. कैद्याचं जन्मगाव, रॉटरडॅमचा बाप्तिस्मा, घरातल्या सभा, सगळं त्यात आहे. शिक्षा आहे: मरेपर्यंत अग्नी, आणि मालमत्ता राजाकडे जमा. खाली न्यायाधीशांची नावं आहेत. बर्फावर जे घडलं त्याबद्दल मात्र एक अवाक्षर नाही. कायद्यानं माणसाला विचारायचा प्रश्न आधीच ठरवून ठेवला होता, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात एक जीव वाचवण्याची नोंद करायला जागाच नव्हती.

गावाबाहेर खांब रोवला, लाकडं रचली. त्या दिवशी पूर्वेचा वारा जोरात होता. तो ज्वाळांना डिर्कच्या छातीपासून दूर ढकलत राहिला, आणि जे मरण लवकर यायला हवं होतं ते लांबत गेलं. शेजारच्या लेरडॅम गावापर्यंत त्याच्या हाका ऐकू गेल्या. सत्तराहून अधिक वेळा त्यानं देवाला हाक मारली. शिक्षेवर देखरेख करणारा अधिकारी घोड्यावर बसून होता. त्याला ते बघवेना. त्यानं घोडा फिरवला, चितेकडे पाठ केली आणि या माणसाला लवकर संपव, असं जल्लादाला सांगितलं.

ही हकिकत आपल्यापर्यंत आली ती टीलेमान फान ब्राख्त या डोर्ड्रेख्टच्या मेनोनाइट उपदेशकामुळे. १६६०मध्ये त्यानं आपल्या पंथाच्या हुतात्म्यांच्या कथा आणि न्यायालयांचे कागद एका जाडजूड ग्रंथात छापले. १६८५च्या आवृत्तीसाठी यान लॉयकन या चित्रकारानं शंभराहून अधिक चित्रं कोरली. त्यांतल्या एका चित्रात डिर्क बर्फावर ओणवा झाला आहे, दोन्ही हात लांबवले आहेत, आणि समोरचा माणूस पाण्यातून त्याच्याकडे हात पसरतो आहे. डिर्कची आठवण निघाली की लोकांच्या डोळ्यांपुढे आजही हेच चित्र येतं.

डिर्कची थोरवी कोणाच्याही लक्षात येईल. पण या कथेत आणखी दोन माणसं आहेत आणि आपण त्यांच्याकडे नीट पाहायला हवं. शिपायाला डिर्कला सोडायचं होतं. घोड्यावरच्या अधिकाऱ्याला ते जळणं पाहवत नव्हतं. दोघांच्याही काळजाला पाझर फुटला होता, तरी चिता पेटलीच. कारण ते दोघे शपथेला बांधलेले होते. दया दाखवायची तर इमान मोडायचं, आणि इमान राखायचं तर दयेचा गळा घोटायचा, अशी त्यांची कोंडी कायद्यानं करून ठेवली होती. धर्मासाठी माणसं जाळणारी राज्यं काही फक्त क्रूर लोकांच्या बळावर चालली नाहीत. मनातून नको असताना हुकूम पाळणाऱ्या साध्या चाकरांच्या बळावर ती चालली.

ही गाठ सुटायची तर कायद्यातच सुटायला हवी होती, आणि ती त्याच देशात सुटत गेली. पुढे नेदरलंड्स स्पेनविरुद्ध उठलं. त्या बंडाचा नेता ऑरेंजचा विल्यम जन्मानं लुथरपंथी, वाढला कॅथलिक म्हणून आणि पुढे कॅल्व्हिनच्या पंथात गेला. १५६४च्या अखेरीस, कॅथलिक असतानाच, ब्रसेल्सच्या राज्यमंडळात त्यानं ठासून मांडलं होतं की प्रजेच्या सदसद्विवेकावर राजानं सत्ता चालवावी हे आपल्याला मान्य नाही. पुढे मिडलबर्ग शहरानं मेनोनाइट लोकांची दुकानं बंद केली, कारण ते नागरिकत्वाची शपथ घेईनात. गाऱ्हाणं विल्यमकडे गेलं. १५७७मध्ये त्यानं शहराला कळवलं, की या लोकांचा ‘हो’ हाच शपथेच्या ठिकाणी माना आणि त्यांना दुकानं उघडू द्या. शब्द मोडला तर शपथ मोडणाऱ्याची शिक्षा त्यांनाही द्या. विल्यमच्या सहकाऱ्यांपैकी अनेकांना हे रुचलं नव्हतं. तरीही एका लहानशा, शस्त्र न धरणाऱ्या, म्हणून युद्धात उपयोगी नसलेल्या समूहासाठी त्यानं राज्याच्या पायातला एक दगड हलवून दुसऱ्या तऱ्हेनं बसवला. इमारत पडली नाही.

१५७९ साली उत्तरेकडच्या प्रांतांनी उट्रेख्टचा करार केला. त्याच्या तेराव्या कलमात म्हटलं होतं की प्रत्येक व्यक्ती आपल्या धर्मात मोकळी राहील आणि धर्मावरून कोणाचीही चौकशी वा छळ होणार नाही. चौकशीच नाही, म्हणजे शिपायानं कोणाच्या दाराला कान लावायचं कारण संपलं. डिर्कला जाळून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती.

हे स्वातंत्र्य अपुरं होतं हेही सांगायला हवं. कॅल्व्हिनच्या पंथाला राजमान्यता मिळाली आणि कॅथलिकांची उघड उपासना बंद झाली. ते घरांच्या माळ्यांवर, मागच्या खोल्यांत प्रार्थना करत आणि अधिकाऱ्यांनी काणाडोळा करावा म्हणून त्यांचे हात ओले करत. मेनोनाइटांची चर्चही रस्त्यावरून ओळखू येणार नाहीत अशीच बांधलेली असत. कालचे छळलेले लोक आज सत्तेवर आले की दुसऱ्याची वाट अडवतात, हे या देशानंही पाहिलं. तरी फरक मोठा होता. दक्षिणेत, स्पेनच्या ताब्यातल्या ब्रसेल्सजवळ, १५९७मध्येही आना उटेनहोव्ह नावाच्या ॲनाबाप्टिस्ट मोलकरणीला जिवंत पुरण्यात आलं. उत्तरेत तोवर अशा शिक्षा इतिहासजमा झाल्या होत्या.

आणि मग १७१० साल उजाडलं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या प्रॉटेस्टंट सरकारला आपल्याकडचे ॲनाबाप्टिस्ट नकोसे झाले होते. पन्नासहून अधिक कैदी नावेत घालून ऱ्हाइन नदीतून खाली पाठवायचे आणि हॉलंडमार्गे अमेरिकेला हद्दपार करायचे, असा बेत ठरला. वाटेत मानहाइमला म्हाताऱ्या आणि आजारी कैद्यांना उतरवून द्यावं लागलं. उरलेल्यांना घेऊन नाव एप्रिलच्या सुरुवातीला डच हद्दीतल्या नायमेगन शहरी आली. पण स्टेट्स जनरल या डच प्रांतांच्या केंद्रीय सभेनं बर्नला आधीच कळवलं होतं, की धर्मासाठी धरलेले कैदी आमच्या मुलखातून बेड्यांत नेता येणार नाहीत. नायमेगनच्या धक्क्यावर ते लोक मोकळे झाले. शहरातल्या मेनोनाइटांनी त्यांना घरी नेलं, जेवू घातलं, कपडे दिले. सोबत आलेल्या पहारेकऱ्यांना त्यासाठी कुठली शपथ मोडावी लागली नाही. या भूमीवर त्यांचा अधिकारच चालत नव्हता.

आस्पेरेनच्या शिपायाइतकेच नायमेगनच्या धक्क्यावरचे लोकही साधे होते. त्यांची काळजं काही दीडशे वर्षांत मोठी झाली नव्हती. बदलली होती ती त्यांच्या माथ्यावरची आज्ञा. म्हणून एका ठिकाणी जीव वाचवणारा जळाला आणि दुसऱ्या ठिकाणी परकी, दमलेली, फाटक्या कपड्यांतली माणसं शहरात पाहुणी झाली.

दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल मनात आदर बाळगणं चांगलंच आहे, पण तेवढ्यानं कोणाचा जीव वाचत नाही. कोणताही कायदा, हुकूम किंवा जमावाची मागणी पुढे आली की आधी विचारावं: हे अमलात आणायला कोणाचे हात लागणार आहेत, आणि त्या हातांना उद्या कोणाला पकडायला लावलं जाणार आहे? शेजाऱ्याची प्रार्थना तपासायची पाळी ज्या शिपायावर, कारकुनावर किंवा शिक्षकावर येते, त्याचीही त्यातून सुटका व्हायला हवी.

तात्पर्य: ज्या राज्यात भल्या माणसाला भलेपणानं वागण्यासाठी शपथ मोडावी लागते, तिथं त्या माणसाला धीर द्यावा आणि ती शपथ बदलायला आपण सगळ्यांनी झटावं.