सभासद कोणास म्हणावें?

एका विद्येच्या चौकटींत न मावणारे प्रश्न सोडविण्यासाठीं निरनिराळ्या विद्यांच्या उपासकांनीं एकत्र यावें, हें तत्त्व आतां वादातीत झालें आहे. साधी पाण्याची घागर घ्या. तिची माती हा रसायनशास्त्राचा विषय, मडकीं भाजण्याच्या आव्याचा ताव हा यंत्रविद्येचा, तिचा घाट कलेचा, तिची किंमत अर्थशास्त्राचा, आणि ती कमरेवर घेऊन चालणाऱ्या स्त्रीचे श्रम हा आरोग्यशास्त्राचा विषय होय. या सर्वांचा एकत्र विचार करून वस्तु घडविण्याची जी विद्या, तिला आज ‘डिझाइन’ म्हणतात. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें १९६९ सालीं या विद्येचें केंद्र निघालें. तेथें पुढें रघुनाथ कृष्ण जोशी यांच्यासारखे कवि व सुलेखनकार अभियंत्यांच्या शेजारीं बसून शिकवूं लागले. संगणकावरील ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्याच हातचा. २०१४ सालीं केंद्र सरकारनें देशांत अशीं २० केंद्रें काढून, मोठ्या संस्थेभोंवतीं लहान संस्था गुंफून, त्या सर्वांचें एक राष्ट्रीय जाळें विणण्याची योजना आखली.

अशा जाळ्याचें सभासदत्व म्हणजे काय, हा प्रश्न वरवर पाहतां कचेरीचा वाटेल: अर्ज, ठराव, सही, कीं काम संपलें. परंतु त्याच्या बुडाशीं नीतीचा एक प्रश्न आहे. विद्येच्या संयुक्त कार्यांत सभासद कोणास म्हणावें? ज्याला ज्ञान आहे त्याला, कीं त्या ज्ञानाचे परिणाम ज्याला भोगावे लागणार त्याला?

या संबंधांत खारेपाटणच्या ताम्रपटांची आठवण होते. विजयदुर्गच्या खाडीवरील हें गांव एके काळीं नांवाजलेलें बंदर होतें. तेथें सांपडलेला शिलाहार रट्टराजाचा शके ९३० (इ. स. १००८) मधील ताम्रपट प्रथम वाचून प्रसिद्ध करणारे बाळशास्त्री जांभेकर हे जवळच्याच पोंभुर्ल्याचे. गणित व ज्योतिष शिकविणाऱ्या या पंडितानें जुन्या लिपींतून इतिहासाचें दार उघडावें, हा विद्यांच्या संगमाचा उत्तम दाखला होय. पण त्या पटांत काय आहे तें पाहा. अव्वेश्वराच्या देवालयासाठीं राजा तीन गांवें देतो. परदेशांतून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागें एक गद्याण सोनें देतो. आणि त्यांबरोबरच तेली, माळी, कुंभार व परीट यांचीं कुटुंबेंहि देऊन टाकतो. त्याच गांवीं सांपडलेल्या अनंतदेवाच्या शके १०१६ च्या पटांत मात्र भाभणश्रेष्ठी व धणामश्रेष्ठी या बंधूंच्या गलबतांना ठाणें, सोपारा, चौल इत्यादि बंदरांत जकातमाफी दिलेली आहे. श्रेष्ठी हक्काचे धनी झाले, कुंभार दानाची वस्तु झाला. दोघांचाहि उल्लेख तांब्यावर कोरलेला आहे. पण उल्लेख होणें आणि सभासद असणें यांत केवढें अंतर!

आजचीं विद्यापीठें कोणाचें कुटुंब दान देत नाहींत, हें उघड आहे. तरीहि कुंभाराच्या चाकावर निबंध लिहिला जातो, त्याचीं छायाचित्रें प्रदर्शनांत लागतात, आभाराच्या पानावर त्याचें नांवहि येतें; जाळ्यांत सामील होतात त्या मात्र संस्थाच. समजा, कमी लांकडांत पेटणारा नव्या रीतीचा आवा कोणीं सुचविला आणि तो फसला. अभियंत्याला त्या अपयशावरहि उपयुक्त निबंध लिहितां येतो. विद्यार्थ्याला त्याचे गुण मिळतात. कुंभाराचा मात्र सबंध हंगामाचा माल फुटतो, आणि ती कमाई त्याला कोणी परत देत नाहीं.

यावर आक्षेप असा येईल कीं, संशोधन हें शिस्तीचें काम आहे. निष्कर्षांची छाननी ज्याला येत नाहीं त्याच्या हातीं मत दिल्यास विद्येचा कस उतरेल. या आक्षेपांत तथ्य आहे. आव्याचा ताव किती चढला हें बहुमतानें ठरत नाहीं. उष्णतामापकापुढें कुंभार आणि प्राध्यापक दोघांनींहि गप्प बसावें हेंच योग्य. परंतु कोणता प्रश्न हातीं घ्यावा, प्रयोग कोणाच्या हंगामावर करावा आणि तो केव्हां थांबवावा, हें उष्णतामापक सांगत नाहीं. हे न्यायाचे प्रश्न आहेत, आणि न्यायाच्या प्रश्नांत ज्याचें नुकसान व्हावयाचें त्याला वगळून दिलेला निर्णय, तो कितीहि विद्वानांनीं दिलेला असो, एकतर्फीच ठरतो.

म्हणून प्रश्न मांडण्याचा, ‘नको’ म्हणण्याचा आणि शेवटीं हिशेब मागण्याचा हक्क ज्याला आहे, तोच खरा सभासद होय. अशा जाळ्यांत शिरूं इच्छिणाऱ्या संस्थेनें आपल्याबरोबर असा एक तरी कारागीर न्यावा. सभेच्या दिवशीं त्याची मजुरी बुडते, ती भरून द्यावी. चर्चा त्याला कळेल अशा मराठींत चालवावी, आणि त्याचा नकार इतिवृत्तांत जसाच्या तसा लिहावा. यानें काम मंदावेल, कित्येक योजना कागदावरच राहतील, हें कबूल केलें पाहिजे. परंतु ज्या योजनेला कुंभार समोर बसला असतां होकार मिळूं शकत नाहीं, ती त्याच्या पाठीमागें तडीस नेण्यांत विद्येचें कोणतें हित आहे, याचा विचार सभासदत्वाच्या अर्जावर सही करणाऱ्यानें सहीच्या आधीं करावा.