खतियानातलं आयुष्य

झारखंडातल्या खुंटी, सिमडेगा, गुमला या जिल्ह्यांत लुथरन पंथाची शेतकरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवत आली आहेत. मुंडा, उराँव, खडिया या आदिवासी समाजांतली ही माणसं. त्यांचा विषय निघाला की बोलणं एकाच प्रश्नाशी येऊन थांबतं : हे ख्रिस्ती का झाले? हे आयुष्य समजून घ्यायचं असेल, तर बाप्तिस्म्याच्या नोंदवहीआधी जमिनीचं खतियान उघडावं, असं माझं म्हणणं आहे. खतियान म्हणजे तिथला जमीनहक्काचा दस्तऐवज. आपल्या सातबाऱ्याचा भाऊबंदच.

जन्मभर शेती केलेल्या तिथल्या एखाद्या वृद्धाच्या आयुष्याची घडी दोन तऱ्हेच्या जमिनींवर बसलेली असते. खोलगट, पाणी धरून ठेवणारी ती ‘दोन’ आणि उंचावरची कोरडी ती ‘टांड’. दोनमध्ये भाताची लावणी, टांडावर गोडा धान, मडुआ म्हणजे आपली नाचणी, उडीद आणि कुळीथ. बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर, त्यामुळे भात एकदाच. चैत्रात मोहाची फुलं वेचायची, कुसुम-पळस-बोरीवरची लाख काढायची. तेवढ्यावर भागलं नाही की घरातलं कुणीतरी वीटभट्टीवर जातं; पूर्वी आसामच्या चहामळ्यांत जात असे. कापणीनंतर चर्चमध्ये धन्यवादाची उपासना होते, तेव्हा वेदीपुढे पैशांबरोबर भात, भोपळे आणि कोंबड्याही येतात. धर्म बदलला तरी कुळ बदललं नाही. आडनाव एक्का, केरकेट्टा, टोप्नो असंच राहिलं आणि एका गोत्रात लग्न करायचं नाही, हा नियमही राहिला.

बर्लिनच्या योहानेस गॉसनर या धर्मगुरूने पाठवलेले चार मिशनरी 1845 मध्ये रांचीला पोहोचले. पुढची साडेचार वर्षं एकही आदिवासी त्यांच्याकडे वळला नाही. 9 जून 1850 रोजी चार उराँवांनी पहिला बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर संख्या भराभर वाढली, आणि या वाढीचं मोठं कारण शेताच्या बांधावर होतं.

ज्या पूर्वजांनी जंगल तोडून गाव वसवलं, त्यांच्या वंशजांची त्या जमिनीवर सामाईक मालकी, ही मुंडांची खुंटकट्टी पद्धत. छोटा नागपूरच्या, म्हणजे याच भागाच्या, राजाने गावंच्या गावं बाहेरून आलेल्या जहागीरदारांना आणि ठेकेदारांना दिली. मूळ मालक स्वतःच्या शेतात कूळ झाला, वर बेठबेगारीला जुंपला गेला. 1831-32 चा कोल उठाव याच संतापातून पेटला होता. अशा माणसाला मिशनमध्ये अर्ज लिहून देणारं, कोर्टाची वाट दाखवणारं कुणीतरी भेटलं. ख्रिस्ती झालेले शेतकरी बेगार नाकारू लागले. जमीनदारांनी ते लक्षात ठेवलं आणि 1857 च्या धामधुमीत त्यांची घरं लुटली.

हे सगळं ‘आमिष’ या एका शब्दात गुंडाळणं मला अन्यायाचं वाटतं. हिसकावलेलं शेत परत मागणाऱ्या माणसाला लोभी कसं म्हणायचं? आणि त्याने चर्चलाही जमिनीचीच फूटपट्टी लावली. 1869 च्या कायद्याने भुईंहारी या दुसऱ्या प्रकारच्या वंशपरंपरागत जमिनींची नोंद झाली, पण खुंटकट्टी जमीन मोठ्या प्रमाणात बाहेरच राहिली. जमिनीच्या हक्कासाठी चाललेल्या सरदारी लढाईतल्या ख्रिस्ती सरदारांनी मिशनची साथ मागितली. ती मिळेना, तेव्हा त्यांनी मिशनशीच भांडण मांडलं. चाईबासाच्या जर्मन मिशन शाळेत शिकलेला बिरसा मुंडा याच वातावरणात शाळेतून बाहेर पडला. पहिल्या बाप्तिस्म्याला बरोबर पन्नास वर्षं होत होती, त्या 9 जून 1900 रोजी तो रांचीच्या तुरुंगात मरण पावला. त्याच्या उलगुलानाच्या, म्हणजे मोठ्या उठावाच्या, धक्क्यातूनच पुढे 1908 चा छोटा नागपूर कूळकायदा आला. या कायद्याच्या कलम 46 ने आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर बंधन घातलं.

मार्टिन लुथरची शिकवण अशी की नांगर धरणाऱ्याचं काम देवाच्या दृष्टीने पाद्र्याच्या कामाइतकंच पवित्र. छोटा नागपूरच्या शेतकऱ्याने आपल्या जगण्यातून तिला एक अट जोडली : नांगर धरायला पायाखाली स्वतःची जमीन हवी. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन मिशनऱ्यांना हलवलं, तेव्हा या शेतकऱ्यांची मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, विखुरली नाही. 10 जुलै 1919 रोजी तिने स्वतःला स्वायत्त घोषित केलं.

आज धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा, अशी मागणी महाराष्ट्रातही ऐकू येते. संविधानाने त्या दर्जाला धर्माची अट घातलेली नाही. शिवाय 1913 च्या अधिसूचनेने मुंडा, उराँव, खडियांना भारतीय वारसा कायद्यातून वगळलं, त्यामुळे लुथरन उराँवाच्या शेताचा वारसा आजही जमातीच्या प्रथेनेच ठरतो. म्हणजे कायद्यानेही त्याला आधी आदिवासी शेतकरी मानलं, मग ख्रिस्ती. कूळकायद्यातल्या दुरुस्त्यांना 2016-17 मध्ये विरोध झाला, तेव्हा सरना हा पारंपरिक आदिवासी धर्म पाळणारे आणि ख्रिस्ती शेतकरी एकत्र उभे राहिले आणि सरकारला त्या मागे घ्याव्या लागल्या. जमीन जाते तेव्हा दोघांचीही जाते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मात्र वारशाच्या याच प्रथेची दुसरी बाजू बोचरी आहे. लावणीत दिवसभर चिखलात वाकून उभी असते ती बाई. तिचंही आयुष्य शेतकऱ्याचंच, पण मुलीला जमिनीचा वारसा नाही. एका उराँव ख्रिस्ती स्त्रीने, हो या आदिवासी समाजातल्या दोन स्त्रियांनी आणि कार्यकर्त्या मधु किश्वर यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 1996 च्या निकालाने प्रथा रद्द केली नाही. जमिनीवर पोट असलेल्या स्त्रीला पुरुष वारसांनी हुसकावू नये, एवढंच संरक्षण दिलं. जमीन बाहेरच्याच्या हाती जाईल, ही गावाची भीती खोटी नाही. पण ती भीती आवरायला कलम 46 आहे. त्यासाठी मुलीचा हक्क गहाण टाकायची गरज नाही.

ही लुथरन मंडळी वाढली ती ‘शेत कसणाऱ्याचं’ असं म्हणणाऱ्या माणसांच्या बळावर. म्हणून लेकीसाठी तेच म्हणण्याची पहिली जबाबदारी तिची आहे. आजोबांनी जहागीरदाराकडे मागितलेला न्याय नातीने घरच्यांकडे मागितला, तर ती आजोबांचीच लढाई पुढे नेते, असं मी मानतो.