ओसरीचं देणं

23 जानेवारी 1924 रोजी फ्रामरोज दावर हा मुंबईचा पारशी क्रीडा पत्रकार सायकलवर टांग टाकून जगाच्या सफरीला निघाला, तेव्हा तो एकटा होता. व्हिएन्नापर्यंतची वाट त्याने एकट्यानेच कापली. तिथे त्याला गुस्ताव हा ऑस्ट्रियन सायकलपटू भेटला. मातृभाषा वेगळी, देश वेगळा, धर्म वेगळा. तरीही पुढची कित्येक वर्षं दोघांची चाकं एकाच रस्त्यावर राहिली. सहाराचं वाळवंट, अँडीजचे घाट, ॲमेझॉनचं जंगल त्यांनी बरोबर पार केलं. दावर 1931 मध्ये मुंबईला परतला, तोवर त्याचे सुमारे 1,10,000 किलोमीटर झाले होते. निघताना ज्याचं नावही ठाऊक नव्हतं, असा एक माणूस त्यातल्या बहुतेक वाटेवर त्याच्या सोबत होता.

लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासात माणसं जोडली जातात, असं प्रत्येक सायकलस्वार सांगतो. ती का जोडली जातात, हे पाहायला फार लांब जायला नको. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्याच्या शिवारातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे आणि दुचाकींना बंदी. दोन्ही बाजूंना कुंपण आहे. हा रस्ता वेळ वाचवतो, आणि तो वाचलेला वेळही मोलाचा असतो. पण त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला सिंदी, सेलू, केळझर ही गावं भेटत नाहीत. ती काचेपलीकडून सरकून जातात. जुन्या रस्त्याने तासाला पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगाने येणारा सायकलस्वार मात्र पानठेल्यावरच्या माणसाच्या नजरेत भरतो. प्रश्न येतो, “कुठून येऊन राहिले, भाऊ?” तिथून ओळखीला सुरुवात होते.

सायकलस्वाराजवळ फार काही नसतं, हे दुसरं कारण. दुपारपर्यंत बाटली रिकामी होते. बाभळीचा काटा टायरमध्ये घुसतो. समोरून वारा सुटला की ठरलेलं गाव गाठता येत नाही आणि रात्री कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकावी लागते. त्याला मागावं लागतं. शहरात वाढलेल्या, सगळं विकत घेण्याची सवय झालेल्या माणसाला हे जड जातं.

या मागण्याने दुसऱ्या बाजूला काय घडतं, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. 2006 मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धा होता. तेव्हापासून इथला शेतकरी बाहेरच्या जगाला भेटतो तो ‘आत्महत्याग्रस्त’ किंवा ‘लाभार्थी’ म्हणून. त्याच्या दारात येणारे बहुतेक जण त्याचा अर्ज तपासायला, त्याची माहिती भरून घ्यायला किंवा त्याला सल्ला द्यायला येतात. घामाने निथळणारा एखादा अनोळखी तरुण येऊन “काका, थोडं पाणी मिळेल का?” असं विचारतो, तेव्हा हाच शेतकरी यजमान होतो. देणारा होतो. माठातलं पाणी येतं, मागोमाग चहा येतो, आणि जेवणाची वेळ असेल तर जेवल्याशिवाय उठू देत नाहीत. तान्ह्या पोळ्याला गावोगावच्या माणसांची गर्दी ओढणाऱ्या सिंदीला पाहुण्यांचं अगत्य शिकवावं लागत नाही.

प्रश्न पाहुण्याचा आहे. त्याने काय करावं?

याचं एक उत्तर सिंदीच्या शेजारीच आहे. महाभारतातली एकचक्रानगरी म्हणजे आपलं केळझर, अशी इथली परंपरा. लाक्षागृहातून वाचलेले पांडव वेश पालटून तिथे एका ब्राह्मणाच्या घरी राहिले होते. भीमाने बकासुराला मारलं, ही गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. पण त्याआधीचा प्रसंग जास्त मोलाचा आहे. एके दिवशी घरातल्या आतल्या खोलीतून कुंतीला रडण्याचा आवाज आला. राक्षसाकडे माणूस पाठवण्याची पाळी त्या घरावर आली होती. बाप म्हणत होता मी जातो, आई म्हणत होती मी जाते, मुलगी म्हणत होती मी. कुंतीला कानांवर हात ठेवता आला असता, कारण ती स्वतःच जीव मुठीत धरून लपलेली होती. ती उठून आत गेली, काय झालं ते विचारलं आणि त्या घराचं संकट आपल्या मुलाच्या खांद्यावर घेतलं.

सायकलवरून येणाऱ्याकडून कुणी बकासुर मारण्याची अपेक्षा करत नाही. पण ज्या ओसरीवर तो जेवतो, तिच्या आतही काही चाललेलं असतं. सोयाबीनला भाव नसतो, कपाशीवर बोंडअळी आलेली असते, मुलीची फी भरायची राहिलेली असते. भाकरी खाऊन, यजमानासोबत सेल्फी काढून, ‘गावची माणसं किती साधी’ एवढाच निष्कर्ष घेऊन पुढे जाणाऱ्याला त्या घराचा पाहुणचार मिळाला. मैत्री मिळाली, असं म्हणता येणार नाही. मैत्रीसाठी ऐकावं लागतं, आणि ऐकायला सायकलचा वेगही थांबवावा लागतो.

याच वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी सायकलवरून माणसं जोडण्याचं हे काम फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. 24 डिसेंबर 1985 ला त्यांची ‘भारत जोडो’ यात्रा कन्याकुमारीहून निघाली, तेव्हा त्यांना एकाहत्तरावं वर्ष पूर्ण व्हायला दोन दिवस कमी होते. मणक्याच्या आजाराने त्यांना बसता येत नव्हतं. ते गाडीत आडवे पडून प्रवास करत होते. त्यांच्यासोबत शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर होते. दिल्लीतल्या 1984 च्या शीखविरोधी हिंसाचाराला जेमतेम वर्ष उलटलं होतं आणि पंजाब धुमसत होता. अशा वेळी बाबांनी तरुणांना काश्मीरपर्यंत, पाच हजारांवर किलोमीटर, पायडल मारायला लावलं. 1988 मध्ये त्यांनी दुसरी यात्रा अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातच्या ओख्याकडे नेली. एक झालेला देश पुस्तकात वाचणं वेगळं आणि परक्या भाषेतल्या घरासमोर दमूनभागून उभं राहणं वेगळं, हे त्या तरुणांना पायांनी कळलं.

या सगळ्याला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. 2018 मध्ये पुण्याची वेदांगी कुलकर्णी विशीत असताना सायकलवरून जगप्रदक्षिणा करत होती. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटण्यात आलं. तिने प्रवास पूर्ण केला, तरी अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्याची किंमत बाईला पुरुषापेक्षा जास्त मोजावी लागू शकते, हे विसरून तिला ‘बिनधास्त जा’ असं सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

त्याच वर्षी, 1 जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भटके आले होते. मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावाने त्यांना ठेचून मारलं. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून, भिक्षा मागून जगणारी ही माणसं. हेल्मेट घातलेला, महागड्या सायकलवरचा, शिकलेल्या भाषेत बोलणारा परका गावाला आवडतो. झोळीवाला परका संशयास्पद ठरतो. पाणी दोघंही मागतात. सायकलस्वाराने आपल्याला मिळालेल्या स्वागताचं कौतुक करताना, त्यातलं किती आपल्या माणूसपणाला मिळालं आणि किती आपल्या पेहरावाला, हेही स्वतःला विचारायला हवं. आणि गावानेही विचारायला हवं.

रस्त्यावरच्या मैत्रीची खरी परीक्षा प्रवास संपल्यावर होते. निघताना दोन्हीकडून नंबर घेतले जातात, “नागपूरला आले की नक्की या” असं म्हटलं जातं. मग कधीतरी सिंदीचा तोच काका बायकोच्या तपासणीसाठी सकाळच्या गाडीने नागपूरला उतरतो. मेडिकलमध्ये कोणत्या खिडकीवर चिठ्ठी काढायची ते त्याला कळत नसतं. रात्री मुक्काम पडला तर व्हरांड्यात सतरंजी टाकावी लागणार असते. तो संकोचत फोन लावतो. त्या वेळी सायकलस्वाराने फोन उचलावा, ओपीडीच्या रांगेत त्याच्यासोबत उभं राहावं आणि रात्री दोघांना आपल्या घरी जेवायला न्यावं. घर दोन खोल्यांचं असलं तरी न्यावं. आणि जेवताना शेतीचं कसं चाललंय, हे विचारायला विसरू नये.