लौकेटिऑस : विजेच्या एका विस्मृत देवाचे मूळ

केल्टिक धर्मातील विजेचा देव म्हटले की तारानिसचेच नाव पुढे येते, कारण रोमन कवी लूकन याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याचा उल्लेख करून ठेवला. परंतु तारानिस हे नाव मेघगर्जनेचे आहे, आणि लखलखणाऱ्या विजेचे नाव धारण करणारा लौकेटिऑस मात्र मुख्यतः ऱ्हाइन व मोझेल नद्यांच्या परिसरातील मोजक्या कोरीव लेखांतूनच ज्ञात आहे.

मात्र त्याच्याविषयीचा सर्वांत बोलका लेख त्या परिसराबाहेर, इंग्लंडमधील बाथ येथे सापडला. तेथील उष्ण झऱ्यांपाशी सेकुंदुसचा पुत्र पेरेग्रिनुस, जो त्रेवेरी जमातीचा, म्हणजे आजच्या ट्रियर भागातला होता, त्याने लौकेटिऑस मार्स व नेमेतोना या जोडीला वेदी अर्पण केली आणि नवस संतोषाने व यथोचित फेडल्याची रूढ लॅटिन आद्याक्षरे शेवटी कोरवून घेतली. सुलिस या स्थानिक देवीच्या क्षेत्रात समुद्रापलीकडून आलेला माणूस आपल्याच मुलखातील दैवतांचा नवस फेडतो, ही त्या श्रद्धेच्या जिवंतपणाची मोठी साक्ष होय. नेमेतोना ही 'नेमेतोन' म्हणजे पवित्र राईची देवी. देवराई पाहिलेल्या मराठी वाचकाला तिचे स्वरूप सहज उमगेल. माइंत्सजवळील क्लाइन-विंटर्नहाइम येथे तिला कांस्यपट्ट अर्पण करणाऱ्यांत तीनदा कॉन्सल झालेला फाब्रिकियुस वेइएंतो व त्याची पत्नी आत्तिका हे दोघे होते, म्हणजे या देवीची मान्यता रोमच्या सर्वोच्च वर्तुळापर्यंत पोहोचली होती.

लौकेटिऑस या नावाच्या मुळाशी 'प्रकाशणे' या अर्थाचा इंडो-युरोपीय धातू आहे. संस्कृतातील 'रुच्' त्याचाच वंशज, तर जुन्या आयरिशमध्ये 'लोखेत' आणि वेल्शमध्ये 'लुखेद' म्हणजे थेट वीज. इटलीतही ज्युपिटरला लुकेटिउस म्हणत; सर्वियुस या भाष्यकाराने ते ऑस्कन भाषेतील नाव म्हणून नोंदवले आहे, आणि सालीई पुरोहितांच्या प्राचीन स्तोत्राच्या त्रुटित अवशेषांत या नामाशी गर्जनेची क्रियाही जोडलेली दिसते. यावरून केल्टिक देव रोमकडून उसना घेतला गेला असे अनुमान काढण्याचा मोह होतो, पण ते टिकत नाही: नाव रोमहून आले असते तर त्याच्यासोबत ज्युपिटर आला असता, प्रत्यक्षात मात्र लौकेटिऑस मार्सशी जोडला गेला आहे. म्हणून दोन्ही समाजांना समान पूर्वजांकडून एक तेजोवाचक बिरुद मिळाले आणि ते प्रत्येकाने वेगळ्या देवाला दिले, हेच अधिक संभाव्य वाटते.

विजेच्या देवाची सांगड मार्सशी का घातली गेली, हा प्रश्न मार्सला केवळ युद्धदेव मानल्यामुळेच अवघड होतो. गॉलमध्ये मार्स हा जमातीचा रक्षक होता. त्रेवेरींचा लेनुस मार्स तर आरोग्यदाता म्हणूनही पूजला जाई, आणि बाथचे झरेही व्याधी हरण करणारे मानले जात. त्या पार्श्वभूमीवर पेरेग्रिनुसने लौकेटिऑसकडे शत्रूचा संहार मागितला असेल यापेक्षा स्वतःच्या देहाचे किंवा आप्तांचे रक्षण मागितले असेल, असे मानणे सयुक्तिक ठरते.