रसद

उपमा देणाऱ्यावर काही उत्तरदायित्व असते काय, असे अलंकारशास्त्राच्या अभ्यासकास विचारले तर तो हसेल. गेले वर्षभर मात्र हा प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही.

माझी आत्या बेळगावची. आतड्याच्या कर्करोगावरील उपचारांसाठी ती बंगळूरला आमच्याकडे येऊन राहिली. तिला मराठी व कानडी येते, इंग्रजी नाही. डॉक्टर इंग्रजीत बोलत. दुभाष्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले, आणि उभा दिवस इंग्रजी टिपणांचे सारांश काढणाऱ्या माझ्यासारख्या सरकारी कारकुनास ते अवघड वाटले नाही. एके दिवशी डॉक्टरांनी केमोथेरपीच्या जोडीला बेव्हासिझुमॅब हे औषध सुचविले व त्याचा गुण आकड्यांत सांगितला. ज्या चाचणीवरून २००४ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तीत नुसत्या केमोथेरपीवरील निम्मे रुग्ण १५.६ महिन्यांपर्यंत हयात राहिले होते. हे औषध जोडलेल्यांपैकी निम्मे, २०.३ महिन्यांपर्यंत.

मी आत्याला म्हणालो, "ही गाठ म्हणजे एक किल्ला समज. या औषधाने त्याची रसद तोडायची."

तिचे डोळे चमकले. "म्हणजे किल्ला पडणार तर!"

आकडे माझ्या ओठांपर्यंत आले आणि तेथेच थांबले. कचेरीच्या टिपणातून मी आकडा गाळला असता, तर वरिष्ठांनी फाइल त्याच दिवशी परत धाडली असती.

उपमा तशी निराधार नव्हती. ज्यूडा फोकमन हे शस्त्रवैद्य १९६० च्या सुमारास अमेरिकन आरमाराच्या नोकरीत असता, फ्रेडरिक बेकर या सहकाऱ्यासह, शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या ग्रंथीत कर्कपेशी वाढवून पाहत होते. गाठी टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या आणि थांबल्या. त्याच गाठी उंदरांच्या शरीरात घालताच भराभर वाढल्या. तेथे त्यांना नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या होत्या. गाठ या वाहिन्या स्वतःच बोलावून घेते, व ते बोलावणे अडविले तर तिची वाढ खुंटेल, हे अनुमान फोकमन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केले. पुष्कळ वर्षे त्याची टवाळी झाली. मग मे १९९८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर त्यांच्या प्रयोगांची बातमी आली. दोन वर्षांत फोकमन कर्करोग बरा करतील, असे एका नोबेल पारितोषिकविजेत्याचे म्हणणे तीत छापले होते. आपण तसे बोललोच नाही, असे त्या गृहस्थांनी मागाहून कळविले; पण तोवर रुग्ण ते औषध मागू लागले होते. बरे झाले आहेत ते उंदीर, हे फोकमन स्वतः बजावीत राहिले. टवाळीपेक्षा ही स्तुतीच त्यांना अधिक जड गेली असावी, असे मला वाटते.

म्हणजे ज्याचा शोध, तो आपल्या आशेचे माप सांगत होता. मी दुभाषा असून ते झाकून ठेवले.

शिवाय किल्ल्याच्या उपमेत दुसरीही खोट आहे. किल्ल्याला रसद पुरविणारे शत्रूचे लोक असतात. गाठीला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आपल्याच. नव्या वाहिन्या फुटतात म्हणून जखम भरते, गर्भ वाढतो. आमच्या शहरातच, जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात, मनीषा इनामदार व त्यांचे सहकारी यांनी एक जनुक शोधून २००३ साली त्याविषयी लिहिले. गर्भात रक्तवाहिन्या घडत असताना ते दिसते, म्हणून त्याचे नाव ‘असृज’ ठेवले. संस्कृतात असृज् म्हणजे रक्त. मनुष्यदेहातील त्याच्याच जोडीच्या जनुकाची ओळख पटली होती ती बीजांडकोशाच्या कर्करोगातून. शरीराचे उभारणीचे साहित्यच गाठ वापरते. त्यामुळे या औषधाने रक्तदाब वाढतो, शस्त्रक्रियेची जखम भरण्यास विलंब लागतो. राकेश जैन यांनी तर २००१ साली असे मांडले की, अशी औषधे गाठीतील वेड्यावाकड्या वाहिन्या काही काळ सुधारतात, व त्यामुळे इतर औषधे आत पोचतात. म्हणजे रसद तोडणे हेही अर्धेच खरे!

कचेरीतील एक स्नेही म्हणाले, "आशा हेच निम्मे औषध. बिघडले कुठे?" मलाही ते पटत होते. मी खोटा शब्द उच्चारला नव्हता. पण अश्वत्थाम्याविषयी बोलताना धर्मराजाने उरलेले सत्य निदान पुटपुटले तरी होते. मी तेवढेही केले नाही.

मग एका संध्याकाळी आत्याने लेकाला फोनवर सांगितलेले ऐकू आले. "पोरीचं लग्न पुढच्या वर्षावर टाका. तोवर मी ठणठणीत होते."

त्या रात्री मी तिच्याजवळ बसून दोन्ही आकडे सांगितले. निम्मे म्हणजे काय, कोणी त्याहून अधिक जगतात, कोणी कमी, हेही. ती पुष्कळ वेळ पदराच्या काठाशी चाळा करीत राहिली. मी औषधाचे विचारले. "घ्यायचं की. चार महिने काय कमी असतात?" ती म्हणाली, आणि लेकाला पुन्हा फोन लावायला सांगितला. मुहूर्त माघातला धरला. दोन इंजेक्शनांच्या मधल्या दिवसांत ती लग्न पाहून आली.

बेळगावला जाताना गाडीत तिने एकाएकी विचारले, "काय रे, ते किल्ल्याचं डॉक्टर म्हणाले होते, की तू?"

"मी," मी म्हणालो.

"वाटलंच," असे म्हणून ती खिडकीबाहेर पाहू लागली.