जतन कशाचे करावे?

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग आला म्हणजे माळ्यावरच्या पेट्या खाली येतात आणि काय ठेवावे, काय टाकावे, यावरून घरात वाद उत्पन्न होतो. मनुष्यजातीसही हा प्रश्न चुकलेला नाही. अलीकडे त्याचे एक सोपे उत्तर दिले जाते. संगणकात जागेची वाण नाही. तेव्हा सर्वच ठेवावे, निवडीचे कारणच काय? आमचे या उत्तराने समाधान होत नाही.

इंग्लंडात विल्यम राजाने १०८६ साली करविलेली पाहणी ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिला नऊशे वर्षे झाली तेव्हा, १९८६ साली, बीबीसीने देशाची नवी पाहणी लेझर तबकड्यांवर नोंदविली. वीस वर्षे उलटण्यापूर्वीच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि आतील माहिती मोठ्या प्रयासाने सोडवून घ्यावी लागली. मूळ चर्मपत्रे मात्र जाणत्यास आजही वाचता येतात. आपल्याकडे राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली. परंतु असंख्य मोडी कागद अद्याप रुमालांत बांधलेलेच आहेत, आणि ते वाचणारे थोडे. वस्तू राहिली व जाणता गेला, तर ते जतन नव्हे, नुसती साठवण होय.

या दृष्टीने लेनिनग्राडची हकीकत विचार करण्यासारखी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह यांनी देशोदेशी फिरून जमविलेल्या बियाण्यांचे दोन लाखांहून अधिक नमुने तेथील संस्थेत होते. १९४१ च्या सप्टेंबरात जर्मन सैन्याने शहरास वेढा घातला. तो १९४४ च्या जानेवारीपर्यंत पुरता उठला नाही. लोक उपासमारीने मरत असता संस्थेतील माणसांनी त्या धान्यास हात लावला नाही. भाताचे नमुने सांभाळणारे दिमित्री इव्हानोव्ह भुकेने वारले. भाताच्या पुड्या शाबूत होत्या. स्वतः वाविलोव्ह १९४३ साली आपल्याच सरकारच्या तुरुंगात मरण पावले.

येथे कोणी विचारील, जिवंत माणसापेक्षा मूठभर तांदूळ मोठा काय? आक्षेप हलका नाही. दुसऱ्यास असे उपाशी राहण्याची आज्ञा करण्याचा अधिकार कोणासही नाही, असे आम्हांस निश्चित वाटते. परंतु त्यांनी तो त्याग आपण होऊन केला. आणि तो तांदळासाठी नव्हे, तर जे अजून जन्मास यावयाचे होते त्यांच्या भाकरीसाठी केला. शिवाय बी पेटीत चिरकाल टिकत नाही. काही वर्षांनी ते पेरून नवे धरावे लागते. म्हणजे बियाण्याबरोबर ते पेरणारा जाणताही राखावा लागतो.

यावरून आम्हांस दोन कसोट्या सुचतात. एकदा नष्ट झाल्यास जे पुन्हा निर्माण करता येणार नाही, ते आधी राखावे; आणि ते समजून घेणारा माणूसही त्याबरोबर तयार करावा. मनुष्यजात टिकावी असे आपण म्हणतो, तेव्हाही केवळ देह टिकावेत एवढाच त्याचा अर्थ नसावा. ज्याचे फळ आपणांस मिळणार नाही त्याची काळजी वाहण्याची वृत्ती टिकावी, हा त्याचा खरा अर्थ होय.

तेव्हा माळ्यावरच्या पेटीत पणजोबांची मोडी पत्रे सापडली, तर त्यांची छायाचित्रे अवश्य घ्यावीत. पण तेवढ्यावर न थांबता घरातील एका तरी मुलास मोडी शिकवावी.